‘बांधी’चं कार्ड

सोमवार, ३ जुलै १९७८

शाळेतून निवृत्त होऊन तेहतीस दिवस झाले आणि आज पुन्हा नोकरीला लागलो. यमूने देवापुढे साखर ठेवली. ती माझ्या नोकरीसाठी ठेवली की दुपारी घर मोकळं राहणार म्हणून, हे विचारायचं धाडस झालं नाही. गेला महिनाभर मी तिला तुरीची डाळ कोणत्या डब्यात असावी याबद्दल सल्ले देत होतो.

नोकरी शब्दांची आहे. धरमपेठेत पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या, दाराला पाटी, आत कपाटं आणि कार्डांच्या लाकडी पेट्या. विदर्भातल्या बोलीतले शब्द गोळा करून कोश काढायचा आहे. संपादक कृष्णकांतजी. हे गृहस्थ बोलतात कमी आणि चहा पितात जास्त. कामाला आम्ही दोघं. मी, म्हणजे वामनराव पांढरीपांडे, चौतीस वर्षं संस्कृत शिकवलेला. आणि गोपिका शहारे नावाची एक मुलगी, यंदाच बी. ए. झालेली, भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. अक्षर मात्र मोत्यासारखं. दोघंही तात्पुरते. दिवाळीनंतर एकच जागा कायम होणार, हे कृष्णकांतजींनी आम्हाला समोरासमोर उभं करून सांगितलं. मी त्या मुलीकडे पाहून धीर देणारं हसलो. बिचारीची निराशा एकदम व्हायला नको.

मंगळवार, ४ जुलै

‘ब’ची पेटी माझ्याकडे आली. पहिला शब्द ‘बांधी’. आमचं मूळ गाव अमरावतीकडे, कापूस-ज्वारीचा मुलूख. धान मी पाहिलं आहे ते ताटात. पण संस्कृत कशासाठी शिकलो? अकरा मिनिटांत कार्ड पूर्ण केलं:

‘बांधी (स्त्री.) – धानाचे शेत. मूळ: सं. बन्ध्. ज्यात पाणी बांधून ठेवतात ते.’

कृष्णकांतजींनी कार्ड चष्म्याजवळ धरलं आणि परत दिलं. खालची एक ओळ रिकामी राहिली होती. प्रत्येक कार्डावर ती छापलेलीच आहे: ‘सांगणाऱ्याचे नाव व गाव’. मी म्हटलं, यात सांगण्यासारखं काय आहे, मूळ तर उघड आहे. ते म्हणाले, “कोणीतरी सांगितलं असेलच ना जी.” आणि चहा मागवला.

मी त्या ओळीत ‘सर्वश्रुत’ असं लिहिलं. त्यांनी कार्ड पेटीत टाकलं नाही, खिडकीत ठेवलं. ते तिथेच आहे.

शनिवार, ८ जुलै

ओळ भरायची तर माणूस वजनदार हवा. म्हणून गांधीबागेत गणपतरावांच्या कापडाच्या दुकानी गेलो. साकोलीकडे त्यांची बरीच धानाची शेती आहे. पांढऱ्या गादीवर बसून त्यांनी मला पान दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचार करून म्हणाले, “बांधी म्हणजे बांधी. धान लावतेत ते.”

“आणखी काही?”

“आणखी का राहते त्याच्यात? मी काही गेलो नाही ना तिकडं कधी. बाबा जात होते.”

पान चांगलं होतं.

घरी आल्यावर यमूला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती पोरगी भंडाऱ्याची आहे म्हणता ना? तिले काहून नाही विचारत?” मी तिला समजावलं की कोशात प्रमाण म्हणून कोणाचं नाव द्यावं याचे काही संकेत असतात. ती म्हणाली, “असतील बापा.”

सोमवार, १० जुलै

या आठवड्यात कार्डं भराभर होणार असं दिसतं. जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी सहज बोलते आणि मला शब्द सुचतात. धानाच्या रोपांना ‘पऱ्हे’, ती उपटून चिखलात लावायची ती ‘रोवणी’, शेताच्या बांधाला ‘धुरा’. प्रत्येक बांधीला स्वतःचं नाव असतं, माणसांसारखं. एक ‘जांभळीवाली’, एक ‘म्हातारी’. मी ऐकतो आणि नंतर कार्ड लिहितो, अक्षर ‘ब’ नसलं तरी. तिला याचं काही वाटत नाही. उलट ‘सर, धुऱ्यावर तूर लावतात, तेही लिहा’ अशी आठवण करते.

मी माझा डबा खिडकीपाशी खातो, ती कपाटापाशी. असं कोणी ठरवलेलं नाही. बोलताना आवाज जरा चढवावा लागतो इतकंच.

गुरुवार, १३ जुलै

आज गोपिकाने जेवणाशी खेळ केला. डब्याच्या झाकणात भात घेतला आणि बोटाने त्याच्या पट्ट्या ओढून दोन चौकोन केले, एक वर, एक खाली. मी शिक्षकी सवयीने म्हणालो, अन्नाशी खेळू नये. ती म्हणाली, “खेळ नाही सर. या बांध्या आहेत. ही वरची, ही खालची. हे धुरे. झाकण जरा तिरपं धरते, आमच्याकडं जमीन अशीच उतरती राहते.” मग तिने वरच्या चौकोनात वरण ओतलं. वरण भाताच्या धुऱ्याला अडलं आणि तिथेच थांबलं.

मला इतका आनंद झाला. बन्ध्! पाणी बांधलं गेलं, डोळ्यांदेखत. माझं मूळ बरोबर होतं. तेवढ्यात आतून कृष्णकांतजींनी हाक मारली, मी उठलो. मागून ती म्हणत होती, “सर, थांबा ना, अजून पूर्ण नाही झालं.” पण मला हवं ते मिळालं होतं.

परत आलो तर झाकण धुऊन झालं होतं.

बुधवार, १९ जुलै

खिडकीतलं कार्ड ऊन-पावसाने वाकायला लागलं आहे. आज कृष्णकांतजींनी ते उचलून माझ्यासमोर ठेवलं. “पांढरीपांडेजी, तुम्ही बांधी पाहिली?” मी कार्डाची वाकलेली कड सरळ करू लागलो. “मग जाऊन या ना. रोवणी सुरू आहे. गोपिकाच्या घरी पुढच्या शनिवारी रोवणी आहे म्हणते.”

इतक्या उशिरा, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मला गृहपाठ मिळाला.

बसच्या वेळा विचारताना गोपिकाला सहज म्हटलं, दिवाळीनंतर काय करणार? ती म्हणाली, “जागा नाही मिळाली तर गावाला. रोवणीले बाया कमीच पडतात सर.” हसरी मुलगी आहे.

शुक्रवार, २८ जुलै. सावरटोली

साकोलीपर्यंत एस. टी., पुढे पायी. चपलेचा अंगठा नाल्यात तुटला. गोपिकाने तो सुतळीने बांधून दिला.

घर शेणाने सारवलेलं, भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र. तिची आई अंजनाबाई, उंच, कमी बोलणारी. वडील चार वर्षांपूर्वी वारले. मायलेकींची एकच बांधी आहे, उतारावर सगळ्यात खाली. तिच्या वरच्या बांध्या दादाजी कापगते यांच्या. त्यांच्याही वर गावची बोडी, म्हणजे छोटा तलाव. पाणी तिथून येतं. रोवणीच्या बाया गावात एकच टोळी. एक दिवस एकाची रोवणी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. उद्याचा दिवस अंजनाबाईचा. “पाणी आज रातभर भरते,” गोपिका म्हणाली, “सकाळी रोवणी.” बांधी उद्या तयार नसेल तर पाळी आठ दिवसांनी येईल, तोवर पऱ्हे जून होतात आणि जून पऱ्ह्याला धान कमी येतं, असंही तिने सांगितलं. मी सगळं टिपून घेतलं.

जेवलो त्यांच्याकडेच. भात, अंबाडीची भाजी. पहिला घास घेताना मन जरा अडखळलं, खोटं कशाला लिहू. दुसऱ्या घासाला विसरलो. तिसऱ्यांदा भात मागून घेतला. यमूला सांगावं की नाही ते पाहू.

संध्याकाळी एकटाच छत्री आणि मोजपट्टी घेऊन धुऱ्यावरून फिरलो. उजेड होता अजून. दादाजींच्या बांधीत पाणी तुडुंब, आभाळ दिसत होतं त्यात. आणि पाहतो तो धुऱ्याला एके ठिकाणी हातभर खिंडार, आणि त्यातून पाणी खळखळ वाहून चाललेलं. म्हणजे बांधी फुटलेली. ज्यात पाणी बांधून ठेवतात तीच गळतेय आणि गावात कोणाला पत्ता नाही. मी धोतर खोचलं, दोन दगड लोटले, चिखल थापला, वर गवत कोंबलं. अर्धा तास लागला. पाणी थांबलं. चौतीस वर्षांत इतकं ठोस काम माझ्या हातून झालं नव्हतं.

कोणाला सांगितलं नाही. सत्कार्याचा गवगवा करू नये. शिवाय सकाळी दादाजींच्याच तोंडून ऐकायला मजा येईल.

शनिवार, २९ जुलै

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आज केलं. नीट लिहून काढतो.

सकाळी गलका ऐकून गेलो. अंजनाबाईंची बांधी कोरडी. चिखल नाही, नुसती ओल. वीसेक बाया धुऱ्यावर उभ्या, पदर खोचलेल्या. त्यांची म्होरकी जिजाबाई म्हणत होती, “आमी थांबून का करू वं? पाणीच नाही तं रोवाचं कुठं? आज दादाजीची रोवतो, तुयी मंग पाहू.”

 दादाजी वरून धावत आले, पन्नाशीचे, अंगात बंडी. त्यांच्या बांधीत पाणी इतकं चढलं होतं की एका बाजूचा धुरा खचत होता. अंजनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “बावीस वर्सांनी पुन्हा का, दादाजी?”

त्या माणसाचा चेहरा उतरला. “मी नाही बुजवलं, अंजनाबाई. लेकराची आण. मी काहून बुजवीन?”

बावीस वर्षांचं काय प्रकरण आहे ते मला कळलं नाही. पण ‘बुजवलं’ हा शब्द कळला.  मागच्या मागे सटकावं, दहाची एस. टी. पकडावी, असा विचार आला, तो लिहून ठेवतो. कोणी पाहिलं नव्हतं. पण गोपिका दादाजींकडे पाहत होती आणि तिचं ते पाहणं मला सहन होईना. महिनाभर तिला हसताना पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं.

“मी बुजवलं,” मी म्हणालो. “गळती समजून.”

 मग दादाजी धुऱ्यावर मटकन बसले आणि हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसायला लागले. “गुरुजी, गळती नाही ना जी ते. तोंड होय ते. बांधीले तोंड असतेच. माह्या बांधीतून पाणी तिच्या बांधीत जाते, तिचं भरलं का तिथून नाल्यात. पाणी का कोंडून ठेवाचं असते का? सडून जाईन ना धान.”

बायाही हसल्या. अंजनाबाई हसल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या, माझ्या धोतरावरचा वाळलेला चिखल पाहिला आणि विचारलं, “शाळेत शिकवत होते ना तुमी?”

“हो.”

त्यांनी पऱ्ह्याची जुडी माझ्या हातात दिली. “मंग आता शिका.”

दादाजींनी फावड्याने माझा बंधारा तीन घावांत उडवला, शेजारी आणखी एक तोंड पाडलं. पाणी खाली धावलं. बांधी भरून चिखल व्हायला दुपार होणार होती, बाया थांबायला तयार नव्हत्या. मग दादाजी जिजाबाईला म्हणाले, “आजचा दिवस अंजनाबाईचा होय, तिचाच राहीन. माझ्या घरचे दोघं अन् मी पण उतरतो. अंधाराच्या आत होते.” रोवणी बायांचं काम, पुरुष पऱ्ह्याला हात लावत नाही म्हणतात. बायांनी त्यांना पुरेपूर चिडवलं. पण थांबल्या.

मीही उतरलो. गुडघाभर चिखल, उलटं चालत रोवायचं. माझी ओळ सापासारखी गेली. जिजाबाई म्हणाली, “गुरुजीचं धान वाकडं येईन.” दिवस मावळायच्या आत शेवटची जुडी लागली. कंबर सरळ होत नाहीये, हे पडल्या पडल्या लिहितो आहे.

रविवार, ३० जुलै

येताना बसमध्ये गोपिकाने बावीस वर्षांचं सांगितलं. मी विचारलं म्हणून, नाहीतर सांगणारी नव्हे. छप्पन साली तिचे आईवडील नागपूरला दीक्षेला आले. आई तेव्हा गरोदर, पोटात हीच. परत गेले तर वरच्या बांधीचं तोंड बुजवलेलं. दादाजींच्या वडिलांनी. धान फुलोऱ्यात होतं, शेवटच्या पाण्याची वेळ. सगळं करपलं. पुढच्या वर्षी म्हातारा अंथरुणाला खिळला आणि दादाजींनी स्वतः फावडं घेऊन ते तोंड उघडलं, कोणाशी एक शब्द न बोलता. “तेव्हापासून कधी बंद नाही झालं,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “आई रात्रीच उठून पाहून आली होती सर. पाणी नाही हे तिले रात्रीच माहीत होतं. सकाळपर्यंत बसून होती नुसती.”

 मी तेव्हा सत्कार्याच्या समाधानात घोरत होतो. लाज वाटली, आजही वाटते आहे.

घरी यमूला सगळं सांगितलं, जेवणासकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भात कसा होता?”

“फार चांगला.”

“मग काय तर,” ती म्हणाली आणि धोतर भिजत टाकलं.

सोमवार, ३१ जुलै

‘बांधी’चं ते वाकलेलं जुनं कार्ड फाडून नवं लिहिलं:

‘बांधी (स्त्री.) – चारी बाजूंनी धुरा घालून, पाणी अडवून आणि खालच्याकडे सोडून, जिथे धान रोवतात तो शेताचा तुकडा. मूळ: बांधणे. पण नुसते बांधून होत नाही. सांगणाऱ्याचे नाव व गाव: गोपिका शहारे, अंजनाबाई शहारे, दादाजी कापगते, सावरटोली.’

मग माझी महिन्याची कार्डं काढली. सदतीस. खालची ओळ कुठे रिकामी, कुठे ‘सर्वश्रुत’. एकेक वाचत गेलो. पऱ्हे, रोवणी, धुरा, म्हातारी. सदतीसपैकी एकोणतीस शब्द मला जेवणाच्या सुट्टीत ‘सुचलेले’.

पेन उघडलं आणि बंद केलं. एकोणतीस कार्डांवर तिचं नाव लिहिलं की माझ्याकडे उरतात आठ. त्यातलं एक ‘बटाटा’. दिवाळीनंतर जागा एकच आहे. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायला मला फार आवडतं. खाली जाऊन गिरणीत पीठ पडताना पाहत उभा राहिलो. गिरणीवाल्याने दोनदा विचारलं, काय दळायचंय. मग वर आलो आणि लिहिलं. एकोणतिसांवर. हात दुखला.

कृष्णकांतजी चहा पीत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

दुपारी डबा घेऊन कपाटापाशी गेलो. गोपिकाने कागद सरकवून जागा केली. म्हटलं, त्या दिवशी झाकणातलं अर्धं राहिलं होतं, ते दाखव. तिने भाताच्या धुऱ्याला बोटाने तोंड पाडलं आणि वरण खालच्या चौकोनात गेलं.

सोमवार, ६ नोव्हेंबर

जागा गोपिकाला. कृष्णकांतजी म्हणाले, “कार्डं बोलतात ना जी.” मी टाळ्या वाजवल्या, खरोखर आनंदाने. तिने सगळ्यांसमोर नमस्कार केला नाही की काही नाही, नुसतं म्हणाली, “आईले पत्र लिहिते.”

जिना उतरताना मात्र फार वाईट वाटलं. रिकामा डबा वाजत होता. प्रताप नगरपर्यंत चालतच आलो.

यमूने ताट वाढलं. जेवण झालं. मग डबे पुसत पुसत म्हणाली, “तुरीची डाळ कोणत्या डब्यात ठेवू ते सांगून ठेवा.”

रविवार, १७ डिसेंबर

दुपारी गोपिका आली. खांद्यावर पिशवी, सावरटोलीचे नवे तांदूळ. अंजनाबाईंनी दिले आहेत, आणि निरोप आहे की वाकड्या ओळीतलं धान वेगळं काढून कांडलं, ते हेच. यमूने पिशवीत हात घालून वास घेतला आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. बराच वेळ दोघी आत हसत होत्या. कशाला, ते कोणी सांगितलं नाही.

जाताना गोपिकाने पिशवीतून एक कार्ड काढलं. म्हणाली, “सर, ही नोंद छापायला चाललीय. सांगणाऱ्याची सही लागते.”

तिच्या मोत्यासारख्या अक्षरात होतं:

‘तोंड (न.) – बांधीच्या धुऱ्याला मुद्दाम ठेवलेली वाट, जिच्यातून पाणी खालच्या बांधीत जाते. ही गळती नव्हे. बुजवू नये. सांगणाऱ्याचे नाव व गाव: वामनराव पांढरीपांडे, प्रताप नगर (स्वतः बुजवून पाहिले).’

मी चष्मा पुसला आणि सही केली.